पॅरिसच्या पदपथावर दिवे फुलविणारा वास्तुविशारद

एखाद्या शहराची थोरवी सांगताना आपण सहसा तेथील राजवाडे, प्रार्थनास्थळे आणि उंच मनोरे यांची नावे घेतो. परंतु त्या शहरात राहणाऱ्या माणसाचा रोजचा संबंध येतो तो दिव्याचा खांब, बसण्याचा बाक, जिन्याचा कठडा, रस्त्याच्या नावाची पाटी अशा साध्यासुध्या वस्तूंशी. नगररचनाकार या वस्तूंना ‘स्ट्रीट फर्निचर’ म्हणतात. घरातील खुर्ची घेताना माणूस चार दुकाने हिंडतो. रस्त्यावरच्या या सामानाचा विचार मात्र बहुधा कंत्राटाच्या कागदापुरताच होतो. ते सर्वांचे असते, म्हणूनच कोणाचेच नसते. सर्वांच्या मालकीच्या या वस्तूंकडे एखाद्या कलावंताने धनिकाच्या दिवाणखान्याइतकेच लक्ष दिले तर काय घडते आणि त्या कलावंताच्या वाट्याला काय येते, हे जाणून घ्यायचे असेल तर हेक्टर गिमार या फ्रेंच वास्तुविशारदाच्या आयुष्याकडे पाहावे लागते. पॅरिसच्या मेट्रोची हिरव्या लोखंडाची आणि तांबूस दिव्यांची प्रवेशद्वारे ही त्यांची निर्मिती. आज ती त्या शहराची खूण मानली जातात. मात्र ती घडविणारा माणूस मायदेशापासून दूर, जवळजवळ विस्मृतीत मरण पावला.

गिमार यांचा जन्म १० मार्च १८६७ रोजी फ्रान्समधील लिऑन या शहरी झाला. घरची परिस्थिती बेताची होती. वयाच्या पंधराव्या वर्षी, १८८२ मध्ये त्यांनी पॅरिसच्या शोभाकला विद्यालयात प्रवेश घेतला आणि १८८५ मध्ये तेथून ते ‘एकोल द बोझार’ या नामांकित कलासंस्थेत गेले. ग्रीक आणि रोमन वास्तूंच्या नमुन्यांची घोकंपट्टी हा त्या संस्थेतील शिक्षणाचा कणा होता. तरुण गिमार यांचा ओढा मात्र मध्ययुगीन वास्तूंचे अभ्यासक व्हियोले-ल-द्यूक यांच्या विचारांकडे होता. लोखंड हे नव्या युगाचे साहित्य आहे, ते दगडाच्या मुखवट्याआड लपवू नये आणि इमारतीचा भार कसा पेलला जातो हे पाहणाऱ्याला दिसावे, अशी त्या विचारांची दिशा होती. पदविका न मिळविताच गिमार यांनी संस्था सोडली आणि ज्या शोभाकला विद्यालयात ते स्वतः शिकले होते तेथेच पुढे काही वर्षे अध्यापन केले.

त्यांची सुरुवातीची कामे लहान होती. १८८८ मध्ये सीन नदीकाठचे एक उपाहारगृह आणि १८८९ च्या जागतिक प्रदर्शनात विजेला वाहिलेला एक छोटा मंडप त्यांनी बांधला. आयफेल मनोराही त्याच प्रदर्शनासाठी उभा राहिला होता. लोखंड आणि वीज या दोन नवलाईच्या गोष्टी एकाच वेळी पॅरिसकरांसमोर येत होत्या आणि पुढे गिमार यांचे सारे कर्तृत्व या दोहोंच्याच संगमावर उभे राहायचे होते. १८९५ मध्ये त्यांनी एका शाळेची इमारत इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराच्या तिरप्या लोखंडी खांबांवर तोलून धरली. व्हियोले-ल-द्यूक यांनी कागदावर रेखाटून ठेवलेली ही कल्पना प्रत्यक्षात आणण्याचे धाडस गिमार यांनी केले.

त्याच वर्षी ते बेल्जियमला गेले. ब्रसेल्समध्ये व्हिक्टर होर्टा या वास्तुविशारदाने बांधलेली घरे त्यांनी पाहिली. तेथे लोखंड वेलीसारखे वळत जिन्यावरून भिंतीवर आणि भिंतीवरून छतावर जात होते. फुलापानांची नुसती नक्कल करण्याऐवजी रोपाच्या देठात जो ताण असतो, वाढण्याची जी ओढ असते ती रेषेत उतरवायची, हे सूत्र गिमार यांनी या भेटीनंतर पक्के धरले. पॅरिसला परतल्यावर हाती असलेल्या एका भाड्याच्या इमारतीचे आराखडे त्यांनी नव्याने काढले. ‘कास्तेल बेरांजे’ नावाची ही छत्तीस बिऱ्हाडांची इमारत १८९८ मध्ये पूर्ण झाली. प्रवेशाचे लोखंडी दार, भिंतीचे कागद, गालिचे, दाराच्या मुठी, सज्जांचे कठडे असे सारे काही त्यांनी स्वतः रेखाटले होते. १८९९ मध्ये पॅरिस नगरपालिकेने दर्शनी भागांसाठी ठेवलेल्या स्पर्धेत या इमारतीला पुरस्कार मिळाला. टवाळखोरांनी तिच्या नावाची मोडतोड करून तिला चक्रम ठरविले. पण वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गिमार हे नाव पॅरिसमध्ये सर्वतोमुखी झाले.

येथे थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. रस्त्यावरच्या वस्तूंची एकत्रित आखणी करण्याची परंपरा पॅरिसला नवी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बॅरन ओसमाँ यांनी शहराची फेररचना केली, तेव्हा गाब्रिएल दाव्हियू या वास्तुविशारदाने बाक, विक्रीच्या टपऱ्या, बागांचे कठडे अशा वस्तूंचे ठराविक नमुने तयार करून दिले होते आणि तेच नमुने शहरभर बसविण्यात आले. त्यामुळे पॅरिसच्या मोठ्या रस्त्यांना एक घरंदाज एकसारखेपणा आला होता. आता त्याच रस्त्यांखाली भुयारी रेल्वे येऊ घातली होती. या रेल्वेमुळे शहराला कारखान्याची कळा येईल, अशी धास्ती अनेकांना वाटत होती. ऑपेरागृहाचे शिल्पकार शार्ल गार्निए यांनी तर १८८६ मध्येच संबंधित मंत्र्यांना पत्र लिहून मेट्रोने कलेची बूज राखावी, असा आग्रह धरला होता.

मेट्रोचे बोगदे आणि रूळमार्ग फुल्जाँस बियाँव्हन्यू या अभियंत्याच्या देखरेखीखाली तयार होत होते. प्रश्न उरला होता तो जमिनीवरच्या प्रवेशद्वारांचा. मेट्रो चालविणाऱ्या कंपनीने १८९९ मध्ये त्यासाठी स्पर्धा घेतली. आंरी द्युरे यांना पहिले पारितोषिक मिळाले, परंतु आलेल्या आराखड्यांपैकी कोणताही प्रत्यक्षात आला नाही. गिमार यांनी या स्पर्धेत भागही घेतला नव्हता. कंपनीचे अध्यक्ष आद्रियाँ बेनार हे बँकव्यवसायातले गृहस्थ असले, तरी नव्या कलाशैलीचे चाहते होते. त्यांच्या पुढाकाराने हे काम गिमार यांच्याकडे आले. तोवर १९०० साल उजाडले होते आणि जागतिक प्रदर्शनासाठी मेट्रो सुरू करण्याची घाई होती. पहिली गाडी १९ जुलै १९०० रोजी धावली. प्रवेशद्वारांच्या आखणीसाठी गिमार यांच्या हाती अवघे काही महिने होते.

या घाईतून त्यांनी काढलेला मार्ग त्यांच्या रेषांच्या सौंदर्याइतकाच महत्त्वाचा आहे. प्रत्येक स्थानकाचा जिना वेगळ्या मापाचा; कुठे पदपथ अरुंद, कुठे चौक प्रशस्त. प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र रचना करायची तर वेळही पुरला नसता आणि पैसाही. गिमार यांनी त्याऐवजी मोजक्या तुकड्यांचा एक संच आखला. कठड्याचा उभा खांब, दोन खांबांमधील कमान, तीत बसणारी ढालीच्या आकाराची नक्षीदार जाळी आणि दारावरचे दोन दिवे. हे तुकडे बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे. साचा एकदा तयार झाला की ओतशाळेत त्याच्या हव्या तितक्या प्रती काढता येत. जिना लांब असेल तर चार जाळ्या अधिक जोडायच्या, आखूड असेल तर कमी करायच्या. दगडी चौथऱ्यावर हे भाग जागच्या जागी जोडले की तीन बाजूंनी कठडा आणि चौथ्या बाजूला दार अशी रचना तयार होई. दगडी बांधकामाच्या मानाने ती कमी जागा व्यापत असे आणि वर्दळीच्या रस्त्यावर पादचाऱ्याला अडथळाही होत नसे. साच्यातून निघालेली वस्तू निर्जीव आणि कंटाळवाणी असते, असा समज तेव्हा रूढ होता. गिमार यांनी साच्यातच देठाचा ताण आणि कळीचा फुगीरपणा आणला आणि कारखान्यात तयार झालेला खांब जमिनीतून उगवल्यासारखा दिसू लागला. वर जुन्या ब्राँझवर चढणाऱ्या हिरवट झाकेसारखा रंग दिल्याने साधे बीड भारदस्त वाटू लागले.

दिव्यांची योजना तर खास लक्षात घेण्याजोगी होती. दाराच्या दोन्ही बाजूंनी दोन उंच देठ वर जातात, टोकाशी किंचित झुकतात आणि त्या टोकावर पानांच्या बेचक्यात तांबूस-नारिंगी काचेची कळी बसविलेली असते. आत विजेचा दिवा. त्या दोन देठांच्या मधोमध ‘मेत्रोपोलितें’ ही अक्षरे असलेली पाटी असते आणि तिची अक्षरेही गिमार यांनीच वळवून काढलेली आहेत. रस्त्यावरच्या इतर दिव्यांच्या गर्दीत हा तांबूस उजेड लांबूनही वेगळा ओळखू येई. खाली उतरण्याची वाट कोठे आहे, हे वाचता न येणाऱ्यालाही कळे. पाटी, दिवा, कठडा आणि दार ही चार कामे एकाच वस्तूने करावीत आणि ती वस्तू एका रोपासारखी अखंड दिसावी, हे या रचनेचे मर्म आहे. रस्त्यावरचा दिवा केवळ उजेड पाडण्यासाठी नसतो, तो वाटही दाखवितो, हे गिमार यांनी ओळखले होते.

काही ठिकाणी त्यांनी काचेचे छप्पर असलेली प्रवेशद्वारेही उभारली. पोर्त दोफीन येथील दार त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध आहे. डिसेंबर १९०० मध्ये सुरू झालेल्या या स्थानकाच्या दारावर काचेचे छप्पर पंख पसरल्यासारखे वर उचललेले आहे आणि बाजूच्या नारिंगी फरशा ज्वालामुखीच्या खडकावर मिना चढवून तयार केलेल्या आहेत. एत्वाल आणि बॅस्टिल या चौकांत त्यांनी त्याहून मोठे मंडपही बांधले होते. १९१३ पर्यंत त्यांच्या नमुन्याची दीडशेच्या आसपास प्रवेशद्वारे पॅरिसमध्ये बसविण्यात आली.

लोकांनी मात्र या कामाचे एकमुखाने स्वागत केले नाही. अक्षरे वाचता येत नाहीत, हिरवा रंग परका वाटतो, दिवे भुतांच्या डोळ्यांसारखे दिसतात, अशी टीका वर्तमानपत्रांतून झाली. त्यातच मानधन आणि नमुन्यांवरील हक्क यांवरून कंपनीशी त्यांचा वाद जुंपला. १९०३ मध्ये तडजोड झाली. गिमार यांनी नमुन्यांचे हक्क कंपनीला देऊन टाकले आणि कंपनीने त्यांना नवे काम देणे बंद केले. मोजक्या तुकड्यांतून कोणालाही जोडता येईल अशी पद्धत त्यांनी घालून दिली होती. त्यामुळे पुढची दहा वर्षे कंपनी त्यांच्याच साच्यांतून नवनवी दारे उभारीत राहिली आणि त्यासाठी तिला गिमार यांची गरज पडली नाही. ज्या युक्तीने त्यांचे काम शहरभर पोचविले, तिनेच त्यांना त्या कामातून बाहेर काढले. १९०४ मध्ये ऑपेरा स्थानक सुरू व्हायचे होते. गार्निए यांच्या भव्य ऑपेरागृहासमोर हे हिरवे लोखंड शोभणार नाही, असे ठरून तेथे कासियाँ-बेर्नार यांच्या आराखड्याप्रमाणे साधा दगडी कठडा बांधण्यात आला.

याच सुमारास गिमार यांना आणखी एक धक्का बसला. त्यांनी बांधलेले ‘अंबेर द रोमाँ’ हे संगीतसभागृह १९०१ मध्ये पूर्ण झाले आणि १९०५ मध्ये पाडूनही टाकण्यात आले. परंतु ते खचले नाहीत. आपल्या शैलीला त्यांनी स्वतःचेच नाव दिले होते आणि तिच्या प्रचारासाठी टपालाची चित्रपत्रेही छापून घेतली होती. पुढे सें-दिझिए येथील ओतशाळेशी करार करून सज्जांचे कठडे, घराच्या क्रमांकाच्या पाट्या, बागेतले बाक अशा बिडाच्या वस्तूंचे नमुने त्यांनी तयार केले. या वस्तू ओतशाळेच्या सूचिपत्रातून कोणीही मागवू शकत असे. श्रीमंतांसाठी घरे बांधणारा हा वास्तुविशारद मध्यमवर्गीयाच्या सज्जापर्यंत पोचू पाहत होता. आपली कला महागडी चैन ठरू नये, ही तळमळ त्यांना शेवटपर्यंत होती. पहिल्या महायुद्धानंतर स्वस्त घरे झटपट उभी करण्यासाठी कारखान्यात तयार केलेल्या भागांची पद्धतही त्यांनी सुचविली आणि तशा एका घराची उभारणी केली. मेट्रोच्या कठड्यामागचे तत्त्वच ते घराला लावू पाहत होते.

१९०९ मध्ये गिमार यांनी अॅडलीन ओपनहाइम या अमेरिकन चित्रकर्तीशी विवाह केला. मोझार मार्गावरील एका त्रिकोणी भूखंडावर त्यांनी दोघांसाठी घर बांधले. त्यातील फर्निचर, दिवे, इतकेच नव्हे तर पत्नीचा विवाहवेषही त्यांनी स्वतः रेखाटल्याचे सांगितले जाते. १९१३-१४ च्या सुमारास पाव्हे मार्गावर ज्यू समाजासाठी त्यांनी एक प्रार्थनास्थळ बांधले. अरुंद गल्लीतील त्याची लाटेसारखी उभी दर्शनी भिंत हे त्यांच्या उत्तरायुष्यातील उत्कृष्ट काम मानले जाते.

महायुद्धानंतर अभिरुची पालटली होती. सरळ रेषा आणि कोरी पृष्ठे यांचा जमाना आला. देठ आणि वेलींची शैली आजीच्या पेटीतल्या लुगड्यासारखी जुनाट वाटू लागली. १९२९ मध्ये गिमार यांना ‘लीजन ऑफ ऑनर’ हा सन्मान मिळाला, पण मोठी कामे येणे थांबले होते. युरोपावर पुन्हा युद्धाचे ढग जमू लागले. अॅडलीन ज्यू होत्या आणि जर्मनीत ज्यूंचे काय चालले आहे हे सर्वांना दिसत होते. १९३८ मध्ये हे दांपत्य न्यूयॉर्कला गेले. १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये, ज्यूंच्या पवित्र सणाच्या रात्री, पाव्हे मार्गावरील त्यांच्या प्रार्थनास्थळात बॉम्बस्फोट घडविण्यात आला. पुढे २० मे १९४२ रोजी न्यूयॉर्कमधील एका हॉटेलात गिमार यांचे निधन झाले. फ्रान्स तेव्हा शत्रूच्या ताब्यात होता आणि मेट्रोच्या पायऱ्या उतरणाऱ्या पॅरिसकरांपैकी फारच थोड्यांना त्यांचे नाव आठवत असेल.

युद्ध संपल्यावर अॅडलीन १९४८ मध्ये पॅरिसला परतल्या. मोझार मार्गावरील घर संग्रहालयासाठी देण्याची त्यांची इच्छा होती. सरकारने ते स्वीकारले नाही. अखेर घर विकले गेले आणि त्याचे लहान लहान गाळे झाले. तरीही या बाईंनी जिद्द सोडली नाही. जेवणघराचे सामान पॅरिसच्या ‘पेती पॅले’ संग्रहालयाला, शयनगृहाचे सामान लिऑनच्या संग्रहालयाला आणि काही वस्तू न्यूयॉर्कच्या संग्रहालयांना त्यांनी देऊन टाकल्या. पतीचे काम निदान विखुरलेल्या रूपात तरी टिकावे, एवढाच त्यांचा हेतू होता. १९६५ मध्ये त्या निवर्तल्या.

दरम्यान पॅरिसमध्ये मोडतोड सुरूच होती. एत्वालचा मंडप १९२० च्या दशकातच गेला होता. बॅस्टिलचा १९६२ मध्ये पाडण्यात आला. रस्ता रुंद करायचा आहे, जिना बदलायचा आहे, दुरुस्ती परवडत नाही, अशी कारणे प्रत्येक वेळी सापडत. बीड भंगारात जाई. एकसारखी दारे शंभरावर आहेत, त्यांतले एक गेले तर काय बिघडले, हा विचार त्यामागे होता. साच्यातून निघालेल्या वस्तूचे हेच दुर्दैव असते. मालक नसल्याने ती जाताना कोणी दाद मागत नाही. तरी मोजक्या जाणकारांची नजर तिच्यावर होती. १९३३ मध्येच चित्रकार साल्व्हादोर दाली यांनी ‘मिनोतोर’ या नियतकालिकात या शैलीची तारीफ केली होती आणि तिच्याबरोबर ब्रासाय यांनी टिपलेली मेट्रोच्या दारांची छायाचित्रे छापली गेली होती. १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने पॅरिसच्या परिवहन संस्थेकडून भेट मिळालेले एक दार आपल्या संग्रहात घेतले. पॅरिसमध्ये जे भंगार होते ते अटलांटिकपलीकडे कलाकृती ठरले.

त्यानंतर वारे हळूहळू फिरले. १९६५ मध्ये काही प्रवेशद्वारांना आणि १९७८ मध्ये उरलेल्या सर्व दारांना ऐतिहासिक वास्तू म्हणून संरक्षण मिळाले. तोवर निम्म्याच्या आसपास दारे नाहीशी झाली होती. ऐंशीहून थोडी अधिक शिल्लक राहिली. काचेच्या छपराची मूळ दारे तर दोनच उरली. एक पोर्त दोफीनचे. दुसरे आबेस स्थानकाचे. ते मूळचे नगरभवनाजवळचे असून १९७४ मध्ये मोंमार्त्र टेकडीवरील या स्थानकात हलविण्यात आले. शाटले येथे मेट्रोच्या शताब्दीनिमित्त २००० मध्ये अशा दाराची प्रतिकृती उभारण्यात आली. कॅनडातील मॉन्ट्रियल शहराला १९६७ मध्ये एक मूळ दार भेट मिळाले होते. अनेक दशकांनी त्याची दुरुस्ती करताना त्याच्या दिव्यांच्या काचा मूळच्याच असल्याचे आढळले. पॅरिसमध्ये बहुतेक ठिकाणी त्या जागी प्लॅस्टिकचे गोळे आले होते. त्यामुळे या काचांचे मोल एकाएकी ध्यानात आले.

गिमार यांच्या आयुष्याचा हिशेब मांडताना त्यांच्या हट्टीपणाकडे डोळेझाक करता येणार नाही. स्वतःच्या नावाचा सोस, मानधनावरून भांडणे, बदलत्या काळाशी न जुळणारे सूर यांमुळेही ते एकाकी पडले. पण त्यांनी उभ्या केलेल्या प्रश्नाचे महत्त्व त्याने कमी होत नाही. रस्त्यावरची वस्तू स्वस्त असावी, टिकाऊ असावी, हजारो हातांनी धरली तरी झिजू नये, दुरुस्तीसाठी तिचा तुकडा सहज बदलता यावा आणि एवढे सगळे असूनही ती देखणी असावी, ही अपेक्षा अवाजवी नाही, हे त्यांनी १९०० मध्ये काही महिन्यांच्या मुदतीत दाखवून दिले. त्यांची श्रीमंतांसाठीची घरे आज जाणकारच शोधत जातात. परंतु संध्याकाळी कामावरून परतणारा एखादा कारकून पायऱ्या उतरताना ज्या कठड्यावर हात टेकवितो, तो कठडा अजून जागेवर आहे आणि त्याच्या डोक्यावर त्या तांबूस कळ्या उमललेल्या आहेत. तिकिटापलीकडे त्यासाठी त्याला वेगळा दाम मोजावा लागत नाही.